भांड्यातली सळई

मी दुकानात पोचलो तेव्हा बारक्यानं खतवाल्याचे पुढचे दोन दात पाडले होते. बारक्या म्हणजे माझा धाकटा मेहुणा. म्हातारा खताच्या पोत्यांमध्ये पाठीवर पडला होता आणि बारक्या त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता. हातात काट्याचं पाच किलोचं वजन. रस्त्यावर दहा-बारा जण उभे होते, पण मधे कुणी पडत नव्हतं.

"क्षारात काय मिसळलंस? बोल!"

"काही नाही रे बाबा. पोतं कारखान्यातून आलं तसंच दिलं. शिवणसुद्धा उसवली नव्हती."

"थांब, आता तुझी उसवतो."

त्यानं वजन म्हाताऱ्याच्या हातावर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला.

माझी बायको जाऊन नऊ दिवस झाले होते. आमच्या गच्चीवर आरशांची मोठी थाळी आहे. तिच्यावरून परतलेलं ऊन वर टांगलेल्या जाड लोखंडी भांड्याच्या बुडाला लागतं. भांड्यात दोन जातींचे क्षार, या खतवाल्याकडूनच आणलेले. दिवसभरात ते वितळून तेलासारखे पातळ होतात. ऊन उतरलं की भांडं जाड आवरणात गुंडाळायचं आणि अंधार पडल्यावर त्याच्या झाकणावर तवा ठेवायचा. चार माणसांचा स्वयंपाक आरामात होतो. हे सगळं तिनं जमवलं. मी फक्त वेल्डिंग केलं.

क्षार सकाळपर्यंत थिजून दगड होतात. मग ऊन लागलं की बुडाकडून वितळायला लागतात आणि वरचा थर कडकच राहतो. खालच्या पातळ क्षाराला फुगायला जागा मिळत नाही. म्हणून भांड्यात एक लोखंडी सळई कायम उभी ठेवायची. ती तापते, तिच्या कडेनं थर वितळतो आणि वरपर्यंत वाट मोकळी होते. ही युक्तीसुद्धा तिचीच.

एका गिऱ्हाइकाच्या खिडकीला एक गज कमी पडला. क्षार पातळ होता तेव्हा मी सळई उपसली, कापली आणि खिडकीला लावली. दुसरी आणून घालीन म्हटलं. घातली नाही. दुसऱ्या दिवशी थर फुटला, झाकण उडालं आणि वितळलेला क्षार तिच्या तोंडावर, गळ्यावर आला. आठ तास जगली. लोक विचारायला लागले तेव्हा मीच म्हणालो, क्षारात भेसळ असेल.

बारक्यानं वजन पुन्हा उचललं. या वेळी त्याची नजर म्हाताऱ्याच्या कपाळावर होती.

मी त्याचं मनगट धरलं. "बारक्या, सोड. त्यानं काही केलेलं नाही."

"दाजी, बाजूला व्हा. तुमच्यानं होत नाही म्हणून मी करतोय."

त्यानं कोपर मागे मारलं. माझा ओठ फाटला. मी मनगट सोडलं नाही.

"सळई मी काढली होती."

त्याचा हात तसाच राहिला. सळई कशाला असते ते त्याला माहीत होतं. बहिणीनं कौतुकानं दोनदा दाखवली होती.

"ताईला माहीत होतं?"

हो म्हणालो असतो तर तिथंच मिटलं असतं.

"थाळी उन्हाकडे वळवायच्या आधी तिनं जिन्यातून विचारलं, सळई आहे ना आत? मी दाढी करत होतो."

"मग?"

"आहे म्हणालो. एका दिवसानं काय होतंय, असं वाटलं."

बारक्यानं मनगट हिसडून सोडवलं आणि म्हाताऱ्याच्या छातीवरचा गुडघा काढला. पहिला फटका माझ्या खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. मी हात वर केले नाहीत. म्हातारा मोडका हात पोटाशी धरून पोत्यांमधून सरकत रस्त्यावर गेला. तिसऱ्या फटक्याला मात्र बघे आत घुसले आणि चौघांनी मिळून बारक्याला मागे ओढलं. तो रडत होता आणि लाथा झाडत होता.

सोडा त्याला, असं मी सांगत होतो. जबडा निखळला होता, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.