आधी थोरल्यांना विचारा

परदेशातून सहा महिने नर्सिंग शिकायला येणाऱ्या मुलींना वॉर्डात सोडण्याआधी इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर आठवडाभर इथली रीतभात शिकवतात. शिकवतात मॅडम, आणि 'घरातली थोरली' म्हणून खुर्चीत बसतात माझ्या सासूबाई. त्या तिथेच आयाचं काम करून निवृत्त झालेल्या. एका तुकडीच्या वेळी आईच्या जागी मला बसवलं होतं, मांडीवर माझी ठमी.

"तू काही बोलायचं नाहीस," मॅडम म्हणाल्या. "तू फक्त आई आहेस."

आया जिला उंचीमुळे लांबडी म्हणायच्या, ती मुलगी पुढे आली. माझ्याकडे बघून हसली, ठमीच्या कपाळाला हात लावला. मॅडमनी टेबलावर पट्टी आपटली. ठमी दचकून रडायला लागली.

"कुणाला विचारून हात लावलास?"

"आईनं मान हलवली, मॅडम."

"आईनं! आधी थोरल्यांना विचारायचं. त्यांचा मान मोडलास तर उद्या त्या घरातलं कुणी इथली पायरी चढणार नाही. पुन्हा कर. आणि वॉर्डात ही चूक केलीस ना, तर थेट परतीचं विमान."

लांबडीनं पुन्हा केलं, पुन्हा केलं, हात छातीशी नेऊन आधी सासूबाईंना विचारणं अंगवळणी पडेपर्यंत केलं. सासूबाई रंगात आल्या होत्या. "आणि आई शिकलेली असली तर जास्तच सांभाळा गं बायांनो. आमची सूनबाई कॉलेज करून आलीय. पोर शिंकलं की हिला न्यूमोनिया दिसतो!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, न हसून सांगते कुणाला? लांबडी तेवढी हसली नाही. तिनं ते पाठ केल्यासारखं मान डोलावून ऐकलं.

त्या मुली वॉर्डात उतरल्या त्याच महिन्यात ठमी तापली. दूध तोंडात धरेना. खाली ठेवली की गप्प, उचलून घेतली की किंचाळे. लेकरू आईच्या कुशीत जास्त रडतं, हे मी कुठे पाहिलं नव्हतं. टाळूवर हात फिरवला तर ती मऊ जागा फुगून वर आलेली.

"दात येतायत," सासूबाई म्हणाल्या. मी हट्टानं इस्पितळात नेली. त्या सोबत आल्याच.

तपासणीच्या टेबलाशी लांबडी होती. काम एवढंच, बाळ बघायचं आणि काळजीचं वाटलं तर भिंतीवरची घंटा दाबून डॉक्टरांना बोलवायचं.

"टाळू बघ," मी म्हटलं.

तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. घंटेकडे हात उचललाही होता. मग मान सासूबाईंकडे वळली, हात छातीशी गेला.

"आजी, मी बाळाला हात लावू का?"

"राहू दे पोरी. दाताचा ताप आहे. उगाच सुया टोचत बसतील."

"अगं, आई मी आहे! घंटा दाब!" मी ओरडले. मग तेच तिच्या भाषेत ओरडले. कॉलेजात शिकलेली ती भाषा आयुष्यात पहिल्यांदा कामाला काढली होती. तिला शब्द न् शब्द कळला. तिनं काचेपलीकडे उभ्या असलेल्या मॅडमकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी घंटेकडे झेपावले, तर सासूबाईंच्या जुन्या मैत्रिणीनं, तिथल्या आयानं, माझा दंड धरला. "डोकं फिरलंय का तुझं? चारचौघांत सासूचा पाणउतारा करतेस?" तोवर सासूबाई ठमीला उचलून घरी न्यायला दाराकडे निघाल्या होत्या. ठमी किंचाळत होती. मी नवऱ्याला फोन लावला. "आई म्हणतेय ना दात? मग दात," तो म्हणाला.

"तुमच्या शब्दाचा मान आहे, आजी," लांबडी म्हणाली. काचेपलीकडून मॅडमनी समाधानानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमीला झटके आले. मेंदूच्या आवरणाला सूज, डॉक्टर म्हणाले. "काल का नाही आणलंत?"

"आणलं होतं की," सासूबाई म्हणाल्या. "हिलाच धड सांगता आलं नाही."

ठमी जगली.

लांबडी सगळ्यात वरचे गुण घेऊन मायदेशी गेली. नव्या मुली आल्या, सासूबाईंना बोलावणं आलं, आणि त्यांच्याबरोबर मलाही. मी गेले. कुणीतरी त्या मुलींना सांगायला हवं होतं.

तीच खोली, तीच खुर्ची. नव्या मुलीनं बाळाकडे हात नेला आणि मॅडमनी पट्टी आपटली. मुली दचकल्या, सासूबाईसुद्धा दचकल्या. ठमी माझ्या बोटांशी खेळत राहिली.

"किती शांत बाळ आहे," नवी मुलगी सासूबाईंना म्हणाली.

"वळण असतं घराचं," सासूबाई म्हणाल्या.

"तिला ऐकू येत नाही," मी मोठ्यानं म्हटलं. "खालच्या टेबलाशी सगळ्या थोरल्यांना विचारत बसल्या, त्यात गेलं तिचं ऐकणं."

नव्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग तिला काहीतरी आठवलं, हात छातीशी नेऊन ती सासूबाईंकडे वळली.

"आजी, हे खरं आहे का?"

"शाब्बास," मॅडम म्हणाल्या.