चौतीस आणि त्रेपन्न

“चौतीस मुलं,” रजिस्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्क्रीन मोठ्या मॅडमकडे वळवली.

“मग बघताय काय? लावा फोन! दुपारचा डोस द्यायच्या आत प्रत्येक घरी कळलं पाहिजे.”

मोठ्या मॅडम म्हणजे इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टर. अकराच्या सुमाराला कंपनीचं पत्र आलं होतं: मुलांच्या तापाच्या औषधातली ३१८ नंबरची बॅच दूषित निघाली आहे, ताबडतोब थांबवा. ती बाटली घरी नेलेली मुलं रजिस्टरबाईंनी शोधून काढली होती.

दोन नर्स फोनला बसल्या. रजिस्टरबाई मात्र जागच्या हलेनात. औषधाच्या खिडकीवर तीस वर्षं काढलेली बाई ही. पूर्वी कुणी तारीख विचारली की वही न उघडता पान सांगायची. मग वह्या गेल्या, कॉम्प्युटर आला, आणि मॅडमनी तोंडावर सांगितलं, महिनाअखेरपर्यंत क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरकडे नोंदी मागायची ओळ, लिहिता आली नाही तर खाली गोदामात बसायचं. तेव्हापासून जेवणं उरकली की सून शिकवायला बसायची. सून कसली, मास्तरीणच ती! “आई, काय हवं, कुठून हवं आणि त्यातलं नेमकं कुठलं हवं. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर. एवढंच असतं हो.” एवढंच म्हणे! पण बाईंनी हट्टाने गिरवलं होतं. आजची क्वेरी त्यांनी एकटीने लिहिली होती.

तरी मन खात होतं. त्या उठल्या, कपाट उघडून ३१८ च्या बाटल्या मोजल्या. तीन. आल्या होत्या चाळीस, खोकं त्यांनीच फोडलं होतं. म्हणजे सदतीस बाहेर गेल्या. मग मुलं चौतीस कशी?

त्यांनी या औषधाच्या सगळ्या नोंदी मागवल्या. नव्वद. मग ३१८ सोडून बाकीच्या मागवल्या. त्रेपन्न. चौतीस आणि त्रेपन्न, सत्त्याऐंशी. इकडेही नाहीत, तिकडेही नाहीत, अशी तीन पोरं गेली कुठे?

त्यांनी सुनेला फोन लावला.

“आई, घाबरू नका. बॅचचा रकाना कुठे कोरा राहिलाय का? कोरी नोंद ३१८ मध्येही येत नाही आणि ३१८ नसलेल्यांतही येत नाही. ती वेगळी मागावी लागते. व्हेअर बॅच इज नल, नल म्हणजे कोरं. लिहा बघू.”

बाईंनी लिहिलं. तीन ओळी आल्या. तिन्ही मंगळवारच्या, आणि शेवटी नोंद करणाऱ्याचा क्रमांक: त्यांचाच. त्या दिवशी स्कॅनर बंद पडला होता, रांग दारापर्यंत गेली होती, आणि त्यांनी म्हटलं होतं, नंतर भरू. अगं बाई, हे काय करून बसले मी!

आत्ता रकाना भरून टाकला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

“मॅडम, आणखी तीन आहेत,” त्या म्हणाल्या. “बॅच लिहायची माझ्याकडून राहिली होती.”

मॅडमचा चेहरा ताठ झाला. “आधी फोन. तुमचं मग बघते.”

पहिल्या घरी बाटली उघडलीच नव्हती. दुसऱ्या घरी बाप अंगावर ओरडला, पण औषध बंद केलं. तिसरा फोन वाजत राहिला, कट झाला. पुन्हा लावला. उचल गं बाई, उचल!

“सकाळपासून नुसतं पेंगतंय पोर,” बाळाची आई म्हणाली. “ताप उतरला म्हणून झोपू दिलं. आता औषधासाठीच उठवतेय.”

“देऊ नका! बाटली ठेवा, बाळाला उचला आणि आहात तशा निघा. मी दारात उभी आहे.”

वीस मिनिटांनी रिक्षा आली. नर्सनी बाळाला घेतलं आणि त्या आत पळाल्या. आईने बाईंचे दोन्ही हात धरले. “तुमचा फोन नसता आला तर...”

मान डोलावून गप्प बसता आलं असतं. बाईंना ते जमलं नाही.

“फोन आधीच यायला हवा होता. तुमच्या बाळाची नोंद मी अर्धवट सोडली होती. चूक माझी आहे.”

आईचे हात सुटले. ती बाळामागे धावत गेली. तिची पिशवी पायरीवरच राहिली.

बाई ती पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. तासाभराने आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. नर्स सांगून गेली, धोका टळला म्हणून. बाईंचे डोळे भरून आले.

मग आई पिशवी न्यायला आली. बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी ती पुढे केली. आईने ती घेतली. वर मात्र पाहिलं नाही.

बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि त्या मोठ्या मॅडमच्या खोलीकडे चालू लागल्या. अजून कुणी बोलावलं नव्हतं.