ज्योत्स्ना तायडे यांची तीन पानं

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी ज्योत्स्ना तायडे यांनी नोटिशीवर सही करायला नकार दिला.

नोटीस तीन पानांची होती आणि इंग्रजीत होती. ज्योत्स्नाताई अकोल्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात एकोणीस वर्षं स्वयंपाक करतात. वसतिगृह ज्या संस्थेचं आहे तिचं मुख्य कार्यालय अमरावतीत. ऑगस्टमध्ये वसतिगृहात आलेल्या तूरडाळीला जाळी धरली होती, आत सोंडे फिरत होते. ताईंनी ती शिजवली नाही. वरण का नाही म्हणून पालकांनी विचारलं, तेव्हा कारणही सांगून टाकलं. आठ दिवसांनी चौकशीची तारीख आली आणि त्या मंगळवारी अमरावतीच्या कार्यालयातच नोटीस त्यांच्या हातात पडली.

नोटिशीतलं त्यांना स्वतःचं नाव, पद आणि तारीख एवढं समजत होतं.

"ताई, शेवटच्या पानावर 'आरोप मान्य' लिहा अन् सही करा," मुख्य लिपिक गजेंद्र भोयर म्हणाले. "साहेब समज देतील, सोडून देतील. दोनच्या गाडीनं अकोल्याले."

"काय मान्य करून राहिली, ते तर समजू द्या."

"कामात कसूर केली, एवढंच हाय."

"एवढंच सांगाले तीन पानं लागली?"

त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, चष्मा लावला आणि ऑनलाइन शब्दकोश उघडला. पहिला शब्द एकेक अक्षर पाहून टाकायला त्यांना मिनिटभर लागलं. मिसकंडक्ट : गैरवर्तन. तो त्यांनी शब्दावर पेन्सिलने लिहिला.

चौकशी अधिकारी म्हणून संस्थेने रामराव इंगोले यांना नेमलं होतं. शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले, चौकशीचं काम नियमाने करणारे. चौकशीत जे घडतं ते वेळेसह रोजनाम्यात लिहावं लागतं. त्यांनी लिहिलं, 'अपचारी कर्मचारी शब्दांचे अर्थ पाहत आहेत. वेळ ११.५०.'

ताईंनी ते उलट्या बाजूने वाचलं. "साहेब, अपचारी म्हणजे काय हो?"

"ज्याच्यावर आरोप आहे तो."

"आरोप आहे तो, का गुन्हा केला तो? हा शब्द तर मराठी हाय, माह्या मोबाइलात सापडनार नाही."

रामरावांनी 'अपचारी' खोडून 'श्रीमती तायडे' केलं.

दुसऱ्या शब्दाला खोलीतलं नेट गेलं. ताई पानं घेऊन गॅलरीत गेल्या. गजेंद्र दारापर्यंत मागे गेले.

"पळून नाही चालली, भाऊ. रेंज पाहून राहिली."

साडेबारापर्यंत पहिलं पान झालं. विलफुल : जाणूनबुजून. इनसबॉर्डिनेशन : वरिष्ठांची अवज्ञा. डाळ जाणूनबुजून शिजवली नव्हती, हे खरंच होतं. त्यावर त्यांची तक्रार नव्हती. जेवायची सुट्टी झाली. गजेंद्रांनी डबा खाल्ला. ताईंनी दुसरं पान काढलं.

एक वाजून दहा मिनिटांनी त्या खोलीत आल्या.

"साहेब, मी कोणती गाडी चालवली?"

"गाडी?"

"इथं लिहेल हाय. ओडोमीटर. वाहनानं कापलेलं अंतर मोजणारं यंत्र. अन् त्याच्या आधी टॅम्परिंग, म्हणजे छेडछाड. मले सायकल येत नाही, साहेब."

रामरावांनी आपली प्रत उघडली. दुसरा आरोप त्यांनी सावकाश वाचला, मग गजेंद्रांकडे पाहिलं.

"भोयर, हे कुणाचं आहे?"

गजेंद्रांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. नमुना जुना होता, असं ते म्हणाले. वरूडच्या शाळेच्या बसवर सूर्यभान नावाचा ड्रायव्हर होता, त्याची दोन वर्षांपूर्वीची नोटीस. नाव आणि पद बदललं, एक परिच्छेद राहून गेला.

"तुमी वाचली नाही?" ताईंनी विचारलं.

"इंग्रजी नोटीस कोन वाचते, ताई?"

"त्या सूर्यभाननं सही केली होती?"

"केली."

"आता कुठं हाय तो?"

"घरी."

संस्थेचे सचिव केशवराव खालच्या मजल्यावर बसतात. त्यांना फोन गेला, ते वर आले. चूक टंकलेखनाची आहे, ते म्हणाले. तो परिच्छेद आत्ता खोडतो, बाकीच्यावर बाईंनी सही करावी.

"बाकीचं एक पान राहिलं हाय," ताई म्हणाल्या.

"अहो, मी सांगतो ना त्यात काय आहे ते."

"भोयर भाऊनंबी सांगतलं होतं."

त्या परत गॅलरीत गेल्या. केशवराव घड्याळ पाहत बसले. रामरावांनी वेळ लिहिली : १.३५.

तिसऱ्या पानावर अनोळखी शब्द नऊ निघाले. सातवा टर्मिनेशन होता. शब्दकोशात अर्थ होता : समाप्ती, सेवा संपुष्टात आणणे. तो शब्द ज्या ओळीत होता, तिच्या खालच्या रिकाम्या रेघेवर 'आरोप मान्य' लिहायचं होतं. ताईंनी ती ओळ शब्द जोडत तीनदा वाचली. मग आत येऊन पान टेबलावर ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"समज देऊन सोडनार होते ना?"

"ते नमुन्यात असतंच," केशवराव म्हणाले. "अमलात आणतोच असं नाही."

"मंग सही बी नमुन्यालेच मागा."

"बाई, नीट बोला. इथं संस्थेचा सचिव उभा आहे."

"मी नीटच बोलून राहिली. साहेब, लिहा रोजनाम्यात. बसच्या ड्रायव्हरची नोटीस स्वयंपाकवाल्या बाईले दिली. मान्य लिहिलं असतं तर नोकरी गेली असती. लिहा, अन् मले त्याची प्रत द्या."

"लिहायची गरज नाही," केशवराव म्हणाले. "नोटीस मागे घेतो. नवी देऊ."

"नवी मराठीत द्या. इंग्रजीत दिली तर आणखी असाच दिवस जाईन. मले घाई नाही."

रामरावांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग त्यांनी लिहिलं. सात ओळी. खाली सही केली आणि रोजनामा केशवरावांकडे सरकवला. केशवरावांनी तो वाचला, बंद केला आणि काखेत घालून खाली नेला. प्रत मिळाली नाही.

ताई साडेचारपर्यंत गॅलरीतल्या बाकावर बसून होत्या. पाचला कार्यालय बंद होणार म्हणून पंखे बंद करण्यात आले. तेव्हा त्या उठल्या आणि बडनेरा स्टेशनाची रिक्षा पाहायला निघाल्या. जाताना गजेंद्रांनी पानं परत मागितली.

"माह्या नावाची हायेत," त्या म्हणाल्या.

बुधवारी कार्यालयातून दोनदा फोन आला. पानं पोस्टाने पाठवा. त्यांनी पाठवली नाहीत. रोजनाम्याच्या प्रतीसाठी त्यांनी मराठीत अर्ज केला आहे, त्याची पोच त्यांच्याजवळ आहे. रामराव इंगोले यांनी चौकशीचं काम सोडल्याचं कार्यालय सांगतं. रामराव म्हणतात, आपल्याला तसं कळवलेलं नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत नवी नोटीस आलेली नव्हती. वसतिगृहाच्या हजेरीपटावर ज्योत्स्ना तायडे यांच्या नावापुढे बुधवारपासून तीन चौकटी कोऱ्या ठेवल्या आहेत. तिन्ही दिवस सकाळचा स्वयंपाक त्यांनीच केला.