उजव्या हाताचं झाड

कांजूरमार्गच्या टेकडीवर आमची वस्ती. विहारासमोरच्या चौकात माझ्या नवऱ्याने, रतनने, पिंपळ लावला होता. रतन गेला, मग वादळात पिंपळही गेला. त्या जागेवर फरशी बसली. मला तिथे नवं रोपटं लावायचं होतं आणि विहार कमिटीच्या मिथुनला तिथेच जनरेटरची शेड टाकायची होती.

"शकुमावशी, ते झाड आता कुणाला आठवतंय?" तो म्हणाला. माझं डोकंच फिरलं! पण कमिटीचं ठरलं होतं, रविवारी शेडसाठी खोदकाम होणार होतं.

माझी भाची तेजल तेव्हा अँब्युलन्सवाल्यांसाठी वस्तीचा नकाशा करत होती. आमच्या गल्ल्या कुठल्याच नकाशात नाहीत ना! तिने सगळ्यांना फोन घेऊन रोजच्यासारखं चालायला लावलं. चाललेली वाट फोनमध्ये एक्सएमएल फाइल होऊन बसते. मी डोकावले तर नुसते कंस आणि आकडे.

"हे काय गं बाई?"

"डब्यांवर लेबलं असतात ना, तसं. हा डबा जागेचा, हा वेळेचा. माझा पायथॉनचा प्रोग्राम एकेक डबा उघडतो आणि रेघ काढतो."

तिने बटण दाबलं. भराभर रेघा उमटल्या आणि अख्खी वस्ती स्क्रीनवर उभी राहिली. विहारासमोर मात्र वर जाणारी प्रत्येक रेघ डावीकडे वळलेली, खाली येणारी दुसऱ्या बाजूला. मधे बांगडीएवढी रिकामी जागा.

"वाट लागली! प्रोग्राम चुकला वाटतं," तेजल म्हणाली. तिने पुन्हा चालवला. तेच आलं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बोधिवृक्ष उजव्या हाताला ठेवून जायचं, ही आमची रीत. झाड नाही, तरी सगळे त्याला उजवीकडे ठेवूनच चालत होते. मी ढसाढसा रडले.

मिथुनला बोलावलं. त्याची स्वतःची रेघही तशीच होती.

"छ्या! फोनचा घोळ असणार. सरळ चालून दाखवतो," म्हणत तो चौकात उतरला. आम्ही दोघी दारातून बघत होतो. तो ऐटीत वर निघाला. मधल्या फरशीपाशी पोचला आणि त्याचा पाय डावीकडे पडला. तो थबकला. मागे जाऊन पुन्हा आला. या वेळी फरशीपुढे नुसता उभाच राहिला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "नाही गं जमत."

"मग शेड विहारामागे टाक, मेल्या," मी डोळे पुसत म्हटलं, "आणि कुदळ आण."