अळणी नवस

द्वारकाबाईंनी सुनेची एकही गोळी कधी चुकू दिली नाही. सकाळी देवापुढे दिवा लावला, की कुंकवाच्या करंड्याशेजारच्या डबीतून त्या गोळी काढायच्या, वैष्णवीच्या तळहातावर ठेवायच्या आणि ती गिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. संध्याकाळच्या गोळीचंही तेच. येरमाळ्यात त्यांचं पेढे-बत्ताशांचं दुकान होतं. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळू दे, गोळी आधी. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता.

त्यांनी ते दिवस पाहिले होते ना. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी वैष्णवी अंथरुणाला खिळली, ती महिनोन्महिने उठलीच नाही. केस विंचरायचे म्हटलं तरी डोळ्यांना पाणी. मग एकाएकी उठली, ती अशी उठली की सगळ्या घराची झोप उडाली. अखंड बडबड, गाणी, हसणं. एका दुपारी तिनं दुकानातले सगळे पेढे परातीत भरून हायवेवरच्या एसटीत फुकट वाटले आणि धावत्या ट्रकसमोर हात पसरून उभी राहिली. ड्रायव्हर देवमाणूस, म्हणून वाचली. त्याच संध्याकाळी द्वारकाबाईंनी येडेश्वरीच्या डोंगराकडे तोंड करून पदर पसरला. "आई, हिला ताळ्यावर आण. पाच दिस अळणी धरून, अनवाणी जत्रेत चुनखडी येचायला यील ती." नवस बोलल्या सासूबाई, फेडायचा सुनेनं. आपल्याकडे हे असंच चालतं.

पुढच्याच आठवड्यात मुलगा रणधीर दोघींना लातूरला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. तिथं लिथियमची गोळी सुरू झाली. बाईंनी समोर बसवून, सावकाश सांगितलं होतं, "ही गोळी म्हणजे मिठाचीच भाऊबंद. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की शरीर ही गोळी धरून ठेवतं, बाहेर सोडत नाही. मग साचून साचून तिचंच विष होतं. मीठ तोडायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं. जुलाब लागले, हात कापायला लागले, तोल गेला, जीभ जड झाली, तर गोळी थांबवून थेट दवाखाना गाठायचा. आणि मनानं गोळी बंद करायची नाही."

द्वारकाबाईंनी सगळं ऐकलं. परतताना एसटीत म्हणाल्यासुद्धा, "साऱ्या मुलखाचे डॉक्टर मीठ कमी खा म्हणत्यात. हीच एक उलटी."

पण पोरगी सुधारली. हळूहळू गल्ल्यावर बसायला लागली, पेढे तोलायला लागली, घासाघीस करणाऱ्या बायांना पुरून उरायला लागली. गुण गोळीचा की आईचा, याचा काथ्याकूट द्वारकाबाईंनी केला नाही. दोघींनाही दुखवायचं नाही, एवढंच त्यांचं धोरण. गोळी चालू होती, नवस तेवढा राहिला होता, आणि चैत्री पुनव जवळ आली होती.

रणधीर म्हणाला, "माय, डॉक्टरीणबाईला इचारल्याबिगर उपास धरायचा न्हाय."

"इचारलं की म्या. फोन लावला हुता. पाच दिसानं काय हुतंय म्हणल्या. फकस्त गोळी चुकवू नका."

फोन त्यांनी लावलाच नव्हता. बाई नको म्हणाल्या असत्या, मग? दिलेलं आईनं परत घेतलं तर? पुन्हा ती परात, पुन्हा तो ट्रक? खोटं त्या भीतीपोटी बोलल्या, पण बोलल्या अगदी सफाईनं.

वैष्णवीनं एकदाच विचारलं, "आत्या, खरंच व्हय म्हणल्या का त्या?"

"तर काय! म्या काय तुझ्या जिवावर उठले व्हय गं?"

उपास सुरू झाला. दूध-भात, उकडलेली रताळी, सगळं बिनमिठाचं. ऊन असं की दुपारी डांबर चपलेला चिकटत होतं, आणि वैष्णवी जत्रेच्या गर्दीत दिवसभर भट्टीजवळ खवा परतत होती. घामानं पोलकं भिजून वाळायचं, पुन्हा भिजायचं. तिसऱ्या दिवशी तिला जुलाब लागले. चौथ्या दिवशी चहाची कपबशी हातात खडखडायला लागली.

"उन्हाचं हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंचा आवाज कानाशी आला, तो त्यांनी झटकून टाकला. उद्याचा एक दिवस, मग पारणं. देवीनं सगळं बघितलंय, ती राखील. आणि गोळी तर आपण चुकवत नाही.

चुनखडीच्या दिवशी सकाळी वैष्णवीच्या हातात गोळी ठरेना, खाली पडली. द्वारकाबाईंनी ती उचलली, पदरानं पुसली आणि स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घातली.

पालखी निघाली. रानात जिथं तिथं माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचत होती, संबळ वाजत होता, 'उदो उदो'नं कानठळ्या बसत होत्या. वैष्णवी खडा उचलायला वाकली आणि तिला उठताच येईना. उठवली तर पाय वाकडेतिकडे पडायला लागले. मान डुलायला लागली, हातांना कापरं भरलं, डोळे वर गेले.

"आली! आई आली अंगात!" बाया ओरडल्या. बघता बघता रिंगण झालं. कुणी तिच्या कपाळी मळवट भरला, कुणी पायावर डोकं ठेवलं. सीमेपलीकडून दरसाल येणारी चन्नम्मा नावाची म्हातारी पुढे झाली. अशा वेळी काय विचारायचं ते तिला ठाऊक होतं.

"काय पायजे तुला, आई? बोल."

वैष्णवीचे ओठ हलले. जीभ वळत नव्हती. पण शब्द सगळ्यांना कळला. "मीठ."

"दिष्ट लागलीया पोरीला," चन्नम्मानं अर्थ लावला. "आई मीठ उतरायला सांगतीया."

मीठ आलं, विस्तव आला. मूठभर मीठ वैष्णवीच्या डोक्यावरून उतरलं आणि निखाऱ्यावर पडून तडतडलं. मग दुसरी मूठ.

द्वारकाबाईंना सगळं कळत होतं. जुलाब. हात. तोल. जीभ. एकही लक्षण दिसायचं उरलं नव्हतं. पण शेजारची बाई त्यांच्याच पाया पडत म्हणत होती, "नवस पावला बघा तुमचा!" आणि सांगायला लाज वाटते, पण ते ऐकायला त्यांना गोड लागलं. त्या हात जोडून उभ्या राहिल्या. तिसरी मूठही विस्तवात गेली.

तेवढ्यात वैष्णवीची नजर गर्दीत भिरभिरत त्यांच्यापाशी येऊन थांबली.

"आत्या," ती म्हणाली.

देवी कुणाला आत्या म्हणत नाही.

"सोडा! सोडा तिला!" द्वारकाबाई रिंगण फोडत किंचाळल्या. "देवी न्हाय, माझी सून हाय ती! गोळी चढलीया तिला!"

रणधीरनं तिला टेम्पोत घालून दवाखाना गाठला, तोवर तिची शुद्ध हरपली होती. वाटेत घरातून उचललेलं गोळ्यांचं पाकीट तिथल्या तरुण डॉक्टरनं पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला. "लिथियम चालू असताना अळणी उपास? या उन्हात? कुणी सांगितलं?"

"डॉक्टरीणबाईला इचारलं हुतं," रणधीर म्हणाला. "मायनं फोन केलता." त्यानं आईकडे पाहिलं.

द्वारकाबाईंनी भिंतीला हात टेकला. "म्या फोन केलाच न्हवता, बाळा."

स्ट्रेचर निघालं, त्याच्यामागे रणधीर निघून गेला. मशीनवर रक्त शुद्ध करावं लागेल, डॉक्टर सांगत होता, जीव वाचला तरी चालणं-बोलणं पहिल्यासारखं होईलच असं नाही.

"शेवटची गोळी कधी दिली, आजी?"

"आज सकाळी," द्वारकाबाई म्हणाल्या. "एक बी चुकवली न्हाय, सायेब."

त्या बाकावर बसल्या. बाहेर दिवे लागले होते. सवयीनं त्यांचा हात पदराच्या गाठीकडे गेला. जत्रेच्या धांदलीत राहू नये म्हणून संध्याकाळची गोळी त्यांनी तिथं बांधून आणली होती.