वन्संची जवळची प्रत

ऑफिसात ती नणंदेला ‘मॅडम’ म्हणायची, घरी ‘वन्सं’. ऐकून घ्यायचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं.

औषधाच्या चाचणीचे तक्ते दोघींनी वेगवेगळे काढायचे आणि मग ताडून पाहायचे, अशी इथली पद्धत. आज आकडे जुळले तर भावजय नोकरीत कायम होणार होती. नाही जुळले तर तिची सहा महिन्यांची उमेदवारी संपली.

वयाने पासष्ट आणि त्यावरचे रुग्ण नणंदेकडे दोनशे बारा निघाले, भावजयीकडे दोनशे चौदा.

“ही दोन माणसं कुठून आणलीस?” नणंद म्हणाली. “माहेरची का?”

“वयाचा मॅक्रो सामाईक फोल्डरमधून घे म्हणालात. तोच घेतलाय.”

“मीही तोच घेतलाय. बारा वर्षं सांभाळतेय मी तो फोल्डर.”

हे खरं होतं. पुन्हापुन्हा लागणाऱ्या कोडचा एकेक तुकडा, म्हणजे मॅक्रो, तिनेच वेगळ्या फाइलीत घालून, नाव देऊन तिथे रचला होता. नाव घेतलं की संगणक लावून दिलेल्या क्रमाने फोल्डर धुंडाळतो आणि पहिला सापडेल तो मॅक्रो उचलतो. खाजगी प्रती ठेवायच्या नाहीत, हा नियमही तिचाच.

“मग कुठून उचलला ते लॉगमध्ये, संगणकाच्या नोंदीत, छापून घेऊ या,” भावजय म्हणाली. “दोघींचंही.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“तुमच्यावर आहे हो, वन्सं. संगणकावर नाही.”

‘वन्सं’ ऐकून विभागप्रमुख खुर्ची सरकवत जवळ आले.

लॉग उमटला. भावजयीचा मॅक्रो सामाईक फोल्डरमधला. नणंदेचा तिच्या स्वतःच्या फोल्डरमधला, जो तिच्या धुंडाळायच्या क्रमात सगळ्यांत वर होता. त्यात ‘असू दे जवळ’ म्हणून ठेवलेली जुनी प्रत होती. ती जन्मापासूनच्या दिवसांना सरळ ३६५.२५ने भागायची; त्यामुळे नेमके पासष्टाव्या वाढदिवशीच भरती झालेले दोघे भागाकार किंचित कमी पडून तिच्या हिशेबी चौसष्टचेच राहिले होते.

“या प्रतीवर आणखी किती तक्ते निघालेत?” प्रमुखांनी विचारलं.

नणंद बोटांवर मोजू लागली, मग बोटं पुरेनात. “एकतीस.”

फेरतपासणी दुसऱ्या माणसाने करायची असते. प्रमुखांनी भावजयीच्या कायम नेमणुकीच्या पत्रावर सही केली आणि त्याच पेनाने खाली ते काम लिहून टाकलं.

“पुसून टाकू का ही प्रत?” नणंदेने भावजयीला हळूच विचारलं.

“छे! जुना आकडा कसा आला ते एकतीस वेळा दाखवायचंय मला. असू दे जवळ.”