तळव्यांना विचारू नको

कमरेत सुई गेली तरी शेवंतीबाईंनी हूं की चूं केलं नाही. भाईंदरच्या मिठागरात चाळीस वर्षं मीठ ओढलेली बाई ती! बाळंतपणं झाली, नवरा हरिश्चंद्र गेला, परवा मोरीत घसरून खुबा मोडला, कुणीही विचारलं की उत्तर एकच, "न्हाय दुखत." ह्याला सोसणं म्हणावं की खोड, देव जाणे.

भुलीच्या डॉक्टरीणबाईंनी काल सून नीलिमाला सगळं समजावलं होतं. आजींना दमा, त्यात वय सत्तरीपुढचं, पूर्ण भूल जोखमीची. कमरेखालचं अंग तेवढं बधिर करू, आजी जाग्या राहतील. तेव्हा नीलिमाने सासूला बजावलं होतं, की आई, तिथे तरी खोटं बोलू नका हो.

आता ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टरीणबाईंनी तळव्याला टाचणी टोचून विचारलं. लागत नव्हतं. छान म्हणून त्या वळल्या, पलीकडे हत्यारं खणखणली आणि शेवंतीबाईंनी मान वळवून तिकडे पाहिलं. त्यांचे तळवे मिठाने केव्हाच खाल्ले होते, काच रुतली तरी कळत नसे. मांडी मात्र अजून जिवंत होती. सांगावं? एवढी शिकली-सवरलेली माणसं खोळंबलेली. पण गप्प राहिलं तर जितेपणी सुरी लागणार.

"बाय, तलव्यांना इचारू नको," त्या म्हणाल्या. "ते कवाच मेलेत. वर बघ."

बाईंनी मांडीला चिमटा काढला.

"मना दुखतंय," शेवंतीबाई म्हणाल्या आणि स्वतःच चपापल्या.

कुणी रागावलं नाही. औषध वर चढावं म्हणून टेबल जरा कलतं केलं, सगळे थांबले. हळूहळू मांडी गेली, कंबर गेली. बाईंनी सलाइनमधून थोडं गुंगीचं औषध दिलं, तशा पांढऱ्या चादरी मिठागरासारख्या लांबवर पसरत गेल्या. कुठे तरी कुणी हातोडी ठोकत होतं. खाडीवर होडी दुरुस्त करतायत, असं त्यांना वाटलं. बांधावर हरिश्चंद्र उभा होता. दोघं उन्हातून चालत राहिली, आणि कुठेच काही दुखत नव्हतं. इतकं सुख त्यांना सोसेना, डोळे भरून आले.

दुपारी खाटेवर बधिरपणा उतरू लागला. नर्सने विचारलं, दुखतंय का आजी? ओठांवर जुनं उत्तर आलंच होतं. त्या थांबल्या. "दुखतंय गो," म्हणाल्या. "लय दुखतंय."

नर्सने इंजेक्शन दिलं. वेदना ओसरली, त्यांना झोप लागली. नीलिमा पायथ्याशी बसून ते दगडासारखे तळवे दोन्ही हातांत धरून होती. शेवंतीबाईंना ते कळलं नाही.